वहीचं पान उजळवताना: टर्मिनलवरून कन्व्होल्यूशन फिल्टर कसे लावायचे

आत्याची ओव्यांची वही आतेबहिणीकडे असते. तिनं त्या वहीच्या चौऱ्याऐंशी पानांचे फोटो काढून मला दिले. कागद चहाच्या रंगाचा झालेला, पाठच्या पानावरची शाई पुढे आलेली आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत तिच्याच हाताची सावली. एकेक फोटो मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये घालून बोटानं घासत बसले असते तर दिवाळी उजाडली असती. म्हणून इमेजमॅजिक शिकले. हे फुकट मिळणारं, टर्मिनलवरून (म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून) चालणारं जुनं साधन आहे. जॉन क्रिस्टी यांनी १९८७मध्ये ड्युपाँट कंपनीत असताना ते लिहायला घेतलं. शिकताना जिथे जिथे आपटले, ते सगळं खाली आहे.

कमांड कशा वाचायच्या ते आधी सांगते. इथे त्या देवनागरीत आहेत, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. सगळी अक्षरं लहान लिपीतली चालतात. डॅश, स्वल्पविराम, अर्धविराम, कंस, विसर्गासारखे दोन ठिपके ही चिन्हं आणि मधली मोकळी जागा मात्र आहे तशीच ठेवायची. ‘एक्स’ लिहिलंय तिथे ते इंग्रजी अक्षर. स्पेलिंग फसवं असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

१. जवळ काय हवं

– मूळ फोटो किंवा स्कॅन, आणि त्यांची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये. ही प्रत काढल्याशिवाय पुढे वाचू नका.
– इमेजमॅजिक. उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल इमेजमॅजिक’, मॅकवर होमब्रू असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल इमेजमॅजिक’. विंडोजसाठी त्यांच्या संकेतस्थळावरून इन्स्टॉलर घ्या आणि इन्स्टॉल करताना प्रोग्रॅमचं फोल्डर सिस्टिम पाथमध्ये घालण्याच्या चौकटीत टिचकी मारा.
– कागद-पेन्सिल. थट्टा नाही, दुसऱ्या पायरीला लागेल.

झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘मॅजिक -व्हर्जन’ टाका. स्पेलिंग एम-ए-जी-आय-सी-के; शेवटचा ‘के’ विसरतो. आवृत्तीचा क्रमांक ७ने सुरू झाला तर उत्तम. ‘कमांड सापडली नाही’ असं आलं तर बहुधा सहावी आवृत्ती आहे. तिच्यात ‘मॅजिक’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहायचं. विंडोजवाल्यांनी मात्र ‘कन्व्हर्ट’च्या वाटेला जाऊ नये. त्या नावाची विंडोजची स्वतःची एक कमांड आहे आणि ती चित्रांवर नाही, डिस्कवर काम करते.

फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून मागवणार असाल तर ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो. जेपीईजी प्रकारात चित्र ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं, आणि जास्त दाबलेल्या चित्राला तुम्ही धार लावायला गेलात की अक्षरांआधी ते चौकोनच वर येतात. माझी पहिली बारा पानं अशीच वाया गेली, परत फोटो काढायला लावले. मधल्या सगळ्या फाईल पीएनजीत ठेवा.

२. एकदा हातानं बेरीज करा

कन्व्होल्यूशन हे नाव भारदस्त आहे, काम वाण्याच्या हिशेबाचं. चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. राखाडी चित्रात ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. त्या तक्त्यावर एक छोटी चौकट सरकवत न्यायची. तिच्यातल्या आकड्यांनी खालच्या पिक्सेलना गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि आलेला आकडा मधल्या पिक्सेलच्या जागी लिहायचा. या चौकटीला कर्नल म्हणतात. कर्नल बदलला की फिल्टर बदलला.

आता पेन्सिल घ्या. शाईच्या रेघेची कड अशी आहे असं धरू, डावीकडे शाई ६०, बाकी कागद २००:

६०  २००  २००
६०  २००  २००
६०  २००  २००

सगळीकडे १ असलेला कर्नल लावला तर बेरीज १३८०. नऊनं भागलं की १५३. मधला पिक्सेल २००चा १५३ झाला, म्हणजे कड शाईकडे ओघळली. हा झाला धूसर करणारा फिल्टर.

आता दुसरा कर्नल: मध्ये ५, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे –१, कोपऱ्यांत ०. पाच गुणिले २०० म्हणजे १०००. त्यातून वजा २००, २००, २०० आणि ६०, म्हणजे ६६०. उरले ३४०. पण २५५च्या वर जागाच नाही, म्हणून पांढराशुभ्र. एक घर डावीकडे, शाईच्या पिक्सेलवर तेच करा. तिथे डावीकडेही शाईच आहे, तर ३०० वजा ३८०, म्हणजे –८०. शून्याखालीही जागा नाही, म्हणून काळाकुट्ट. कडेच्या दोन बाजू ६० आणि २०० होत्या, त्या ० आणि २५५ झाल्या. धार लावणं म्हणतात ते एवढंच. आणि कोऱ्या कागदावर? १००० वजा ८००, म्हणजे २००. काही बदल नाही.

यातून एक नियम निघतो, तो भिंतीवर लिहून ठेवा: कर्नलमधल्या आकड्यांची बेरीज १ असेल तर चित्राचा उजेड तसाच राहतो. बेरीज ० असेल तर सपाट भाग काळा होतो आणि फक्त कडा उरतात. बेरीज १हून जास्त असेल तर चित्र भडक होतं. इंटरनेटवरून उचललेला कोणताही कर्नल लावण्याआधी बेरीज करा, पाच सेकंदांत कळतं काय होणार ते.

३. पहिली कमांड, आणि कोरं पान

आधी रंग काढून टाका, निदान शिकताना:

मॅजिक पान.पीएनजी -कलरस्पेस ग्रे राखाडी.पीएनजी

‘कलर’ अमेरिकन पद्धतीनं, म्हणजे त्यात ‘यू’ नाही. ‘ग्रे’ जी-आर-ए-वाय. शाळेत शिकलेलं इंग्रजी इथे आड येतं.

आता सरासरीचा कर्नल:

मॅजिक राखाडी.पीएनजी -मॉर्फॉलॉजी कन्व्हॉल्व्ह '३: १,१,१ १,१,१ १,१,१' धूसर.पीएनजी

मी हे चालवलं आणि पान पांढरं आलं. ओव्या नाहीत, डाग नाहीत, काही नाही. वाटलं फाईल बिघडली. बिघडलं काही नव्हतं. आपण दिलेल्या कर्नलला हे साधन आपणहून भागत नाही. बेरीज ९, म्हणून २००चे झाले १८०० आणि ६०चे ५४०. दोन्ही २५५च्या वर, दोन्ही पांढरे. उपाय असा:

मॅजिक राखाडी.पीएनजी -डिफाइन कन्व्हॉल्व्ह:स्केल='!' -मॉर्फॉलॉजी कन्व्हॉल्व्ह '३: १,१,१ १,१,१ १,१,१' धूसर.पीएनजी

ते उद्गारचिन्ह म्हणजे ‘बेरीज १ करून घे’. डिफाइनचा भाग मॉर्फॉलॉजीच्या आधीच यायला हवा. कमांड डावीकडून उजवीकडे चालते, मागाहून दिलेली सूचना फुकट जाते. आणि अवतरणचिन्हं: लिनक्स आणि मॅकवर एकेरी, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर दुहेरी. तिथे एकेरी चिन्हाला कोणी विचारत नाही.

खरं सांगायचं तर धूसर करण्यासाठी रोज कोणी कर्नल लिहीत नाही. ‘-ब्लर ०एक्स२’ लिहिलं की झालं. त्यातला ० म्हणजे ‘चौकट किती मोठी ते तूच ठरव’, २ म्हणजे पसारा. ‘-गॉशियन-ब्लर’ नावाचा भाऊबंदही आहे, निकाल जवळजवळ तोच, पण वेळखाऊ. ३०० डीपीआयनं (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून) स्कॅन केलेल्या ए-फोर पानात ८७ लाख पिक्सेल असतात. १५ गुणिले १५ची चौकट म्हणजे दर पिक्सेलला २२५ गुणाकार, एकूण १९५ कोटींच्या वर. ‘ब्लर’ हेच काम आधी आडवं, मग उभं असं दोन फेऱ्यांत करतो, दर पिक्सेलला ३० गुणाकार, एकूण २६ कोटी. जुन्या लॅपटॉपवर हा फरक पंख्याच्या आवाजावरून कळतो.

४. धार, पण बेतानं

मॅजिक राखाडी.पीएनजी -मॉर्फॉलॉजी कन्व्हॉल्व्ह '३: ०,-१,० -१,५,-१ ०,-१,०' धारदार.पीएनजी

बेरीज १ आहे, स्केलची गरज नाही. पण हा कर्नल कागदाच्या प्रत्येक रव्यालाही धार लावतो आणि जुन्या वहीचं पान सॅंडपेपरसारखं दिसायला लागतं. त्याऐवजी ‘-अनशार्प ०एक्स१+०.८+०.०५’ वापरा. शेवटचा आकडा उंबरठा आहे. त्याहून लहान फरकांना तो हात लावत नाही, म्हणून कागद शांत राहतो. अक्षरांभोवती पांढरी वलयं दिसू लागली की मधला आकडा कमी करा. एकदा वलयं धरली की नंतर कुठल्याही फिल्टरनं ती जात नाहीत.

हलल्यामुळे पूर्ण पुसट आलेला फोटो मात्र धार लावून वाचता येणार नाही. नवा काढा.

५. सावली घालवायची

यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. हाताची सावली पडलेल्या पानावर नुसता ब्राइटनेस वाढवला तर उजेडातली अक्षरं उडतात आणि सावलीतली तशीच राहतात. पण धूसर करण्याचा फिल्टर खूप मोठ्या पसाऱ्यानं लावला तर अक्षरं विरघळतात आणि उरतो तो फक्त कागदाचा उजेड, कुठे किती आहे त्याचा नकाशा. मूळ पानाला त्या नकाशानं भागायचं:

मॅजिक पान.पीएनजी -कलरस्पेस ग्रे \( +क्लोन -ब्लर ०एक्स२० \) -कंपोझ डिव्हाइड_एसआरसी -कंपोझिट स्वच्छ.पीएनजी

आकड्यांत बघा. उजेडात कागद २००, शाई ६०, धूसर नकाशा १९०. कागदाचा भागाकार १हून जास्त, म्हणजे पांढरा. शाई ६० भागिले १९०, २५५च्या मापात साधारण ८०. सावलीत तोच कागद १२०, शाई ३६, नकाशा ११४. कागद पुन्हा पांढरा, शाई ३६ भागिले ११४, पुन्हा ८०. सावली गणितातून कटून गेली. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मी फाईल दोनदा उघडून खात्री केली.

इथे अडखळायच्या तीन जागा आहेत. कंसांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवीच. कंसाआधीची तिरकी रेघ लिनक्स-मॅकसाठी आहे, विंडोजवर ती काढून टाका. आणि ‘-कंपोझ’ व ‘-कंपोझिट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, पहिला कसं ते सांगतो, दुसरा ‘आता कर’ म्हणतो. दुसरा विसरलात तर एकाऐवजी दोन फाईल पडतात, शून्य आणि एक क्रमांकाच्या.

वीस हा पसारा वहीच्या अक्षरांसाठी. मथळा मोठ्या जाड अक्षरांत असेल तर वीस कमी पडतो, अक्षरं आतून पोकळ होतात, कारण नकाशात कागदाऐवजी शाईच भरते. आत्यानं पहिल्या पानावर बोटभर उंचीचं ‘श्री’ काढलं होतं, त्याची नुसती बाह्यरेषा उरली. त्या पानाला साठ दिले.

पाठची शाई अजून फिकट दिसत असेल तर शेवटच्या फाईलनावाआधी ‘-लेव्हल २५%,८५%’ घाला. पाठची शाई समजा १७० होती, भागाकारानंतर ती २२८ होते. ८५ टक्क्यांची रेघ २१७च्या आसपास आहे, म्हणून ती सरळ पांढऱ्यात जाते. खरी शाई ८०, ती जवळजवळ काळी होते. लेव्हल हे कन्व्होल्यूशन नाही, पण जोडीला हवंच.

६. ठिपके काढताना अनुस्वार सांभाळा

पानावर काळे-पांढरे ठिपके असतील तर सगळे ‘मीडियन’ सुचवतात: ‘-स्टॅटिस्टिक मीडियन ३एक्स३’. यात गुणाकार-बेरीज नाही. नऊ पिक्सेल चढत्या क्रमानं लावून मधला उचलायचा, म्हणून एकटादुकटा ठिपका हरतोच. गुणी फिल्टर आहे, पण तो रोमन लिपीत वाढलेल्यांनी सुचवलेला आहे हे विसरू नका. आपल्या लिपीत ठिपक्याला अर्थ असतो. कमी रिझोल्यूशनच्या फोटोत अनुस्वार जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा, आणि मीडियनला तो डाग वाटतो. ‘वंश’चा ‘वश’ आणि ‘कंप’चा ‘कप’ झालेला मी पाहिला आहे. ओवीत असं झालं तर अर्थच बदलतो. ३०० डीपीआयच्या खाली मीडियन वापरू नका. वापरलात तर दोन्ही फाईल शेजारी ठेवून एक तरी पान डोळ्यांनी ताडून बघा.

७. शिरोरेषा शोधणारा कर्नल

हा भाग गंमत म्हणून सुरू झाला आणि उपयोगी पडला. पान तिरकं आहे का हे देवनागरीत शिरोरेषेवरून चटकन कळतं. आडव्या रेघा तेवढ्या वर काढणारा कर्नल:

मॅजिक स्वच्छ.पीएनजी -निगेट -रिसाइझ २५% -मॉर्फॉलॉजी कन्व्हॉल्व्ह '३: -१,-१,-१ २,२,२ -१,-१,-१' रेषा.पीएनजी

बेरीज ०. ‘निगेट’ रंग उलटे करतो, म्हणजे शाई उजळ होते आणि कर्नलला ती दिसते. काना वरपासून खालपर्यंत सारखाच असतो, त्यामुळे त्याच्या पोटात उणे-अधिक होऊन तो शून्य होतो. काने, दंड, वेलांट्यांच्या उभ्या रेघा गायब, आणि काळ्या पडद्यावर फक्त शिरोरेषा तरंगताना दिसतात.

रिसाइझ का? मोठ्या स्कॅनमध्ये शिरोरेषा पाच-सहा पिक्सेल जाड असते. तीनची चौकट तिच्या पोटात शिरली की वर-मध्ये-खाली सगळी शाईच, उत्तर ०. मग फक्त वरची आणि खालची कड उरते आणि एका शिरोरेषेच्या दोन दिसतात. मी अर्धा तास कर्नलमध्ये चूक शोधत होते. चूक मापात होती. चित्र लहान करा नाहीतर कर्नल मोठा करा.

पान तिरकं निघालं तर मूळ फाईलवर ‘-डेस्क्यू ४०%’ चालवा, स्पेलिंग डी-ई-एस-के-ई-डब्ल्यू, आणि मागोमाग ‘+रीपेज’. हे सावली काढण्याच्या आधी करा.

याच घराण्यातला प्रसिद्ध कर्नल म्हणजे सोबेल. अर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी तो १९६८मध्ये स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत मांडला. तो तयारच मिळतो, कर्नलच्या जागी नुसतं ‘सोबेल’ लिहा. त्यात दिशा असते, म्हणून एक बारकावा: खरं कन्व्होल्यूशन कर्नलला १८० अंशांत फिरवून लावतं. वरचे सगळे कर्नल फिरवले तरी तसेच दिसतात म्हणून आपल्याला फरक पडला नाही. दिशा असलेल्या कर्नलचा निकाल उलटा वाटला तर ‘कन्व्हॉल्व्ह’च्या जागी ‘कोरिलेट’ लिहा, तो फिरवत नाही.

८. दोन किरकोळ गोष्टी

चित्राच्या काठावर कर्नलची अर्धी चौकट बाहेर लोंबते. तिथे काय धरायचं ते ‘-व्हर्च्युअल-पिक्सेल’ ठरवतं. काही दिलं नाही तर काठचाच पिक्सेल पुढे ताणला जातो. वहीच्या पानांना ते पुरतं.

स्क्रीनशॉटमधून आलेल्या पीएनजीत कधीकधी पारदर्शक भाग असतो आणि फिल्टरनंतर तिथे काळे ढग येतात. सुरुवातीलाच ‘-बॅकग्राउंड व्हाइट -अल्फा रिमूव्ह’ द्या.

९. सगळी पानं एकदम

एका पानावर मनासारखं जमलं की मगच. ‘मॅजिक मॉग्रिफाय’ नावाची सोय आहे, पण ती मूळ फाईलवरच लिहिते. न विचारता. पहिल्या पायरीतली प्रत ज्यांनी काढली नाही त्यांना ती आठवेल ती इथे. शिवाय पाचव्या पायरीतला कंसाचा खेळ तिच्यात चालत नाही. म्हणून साधा फेरा लावा. ‘साफ’ नावाचं फोल्डर आधी करून ठेवा, आणि लिनक्स किंवा मॅकवर:

फॉर एफ इन *.पीएनजी; डू मॅजिक "$एफ" -डेस्क्यू ४०% +रीपेज -कलरस्पेस ग्रे \( +क्लोन -ब्लर ०एक्स२० \) -कंपोझ डिव्हाइड_एसआरसी -कंपोझिट -लेव्हल २५%,८५% -अनशार्प ०एक्स१+०.८+०.०५ "साफ/$एफ"; डन

डॉलरभोवतीची दुहेरी अवतरणं काढू नका, नाहीतर नावात मोकळी जागा असलेली प्रत्येक फाईल अडेल. धार सगळ्यात शेवटी आहे हेही पाहा. आधी धार लावली तर सावलीची कडसुद्धा ठळक होते आणि मग ती निघत नाही.

पुढे ही पानं टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनाला) देऊन मजकूर काढायचा असेल तर मराठीसाठी ‘-एल एमएआर’ द्या. छापील पानांवर ते चांगलं चालतं, आत्याच्या हस्ताक्षरापुढे त्यानं हात टेकले. ओव्या मीच टाइप करते आहे.

चाललेली कमांड त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवून ठेवा, कुठल्या पानाला साठ आणि कुठल्याला वीस दिले त्यासकट. मी ती फाईल आतेबहिणीलाही पाठवली, कारण अजून दोन वह्या तिच्याकडे आहेत आणि त्याआधी सगळं फोनवर सांगून झालं होतं. तिचा उलट निरोप आला: ‘अगं, तुझा डी मला बी ऐकू येतो. तू बोलतेस तस्संच मराठीत लिहून पाठव, मी वाचून टाइप करते.’